म्हशीला बांधलेला डोंगा

त्या दिवशी सकाळी माझ्या तळ्यातला डोंगा म्हशीला बांधलेला निघाला.

तळं खरं नव्हतं, म्हैसही खरी नव्हती. डोंगा, म्हणजे आमच्याकडची लहान होडी, तोही कॉम्प्युटरच्या पडद्यावरचाच. घाम मात्र खरा होता, आणि तोही धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांतल्या थंडीत. म्हैस गोठ्यातून निघाली, गावच्या रस्त्याने डुलत चालली आणि तिच्यामागे दोराने बांधलेला डोंगा घराघरांच्या भिंतींतून आरपार फरफटत गेला. मी खेळ बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. म्हशीला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मी गेम बनवतो. पंचेचाळिशी उलटलेल्या, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या माणसाने हे सांगावं आणि आमगावने विश्वास ठेवावा, असं होत नाही. चौकात कोणी विचारतं, "भाऊ, काय करून राहिले सध्या?" मी म्हणतो, "गेम बनवून राहिलो." की समोरचा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "होईल जी, काही तरी होईल."

नोकरी हैदराबादच्या एका लहानशा कंपनीत होती. बाबांना लकवा मारला तेव्हा आम्ही त्यांना तिकडे घेऊन गेलो, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात. तिथे बाबा पलंगावर पडले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणायचे चालवा, पण ते भिंतीकडे तोंड करून घ्यायचे. मी गॅलरीत धरायला दोर बांधला, तर त्यावर टॉवेल वाळत राहिले. शेवटी त्यांना आमगावला परत आणलं. बायकोने ओसरीच्या खांबापासून अंगणातल्या पेरूपर्यंत निळा नायलॉनचा दोर ताणून बांधला. एके सकाळी बाबा स्वतःच उठले, उजव्या हाताने दोर धरला, डावा पाय ओढत पेरूपर्यंत गेले आणि झाडाला टेकून आमच्याकडे असे पाहू लागले, जणू उशीर आम्हीच केला होता. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. दिवसातून एखादा शब्द, तोही बहुतेक चहाबद्दल.

म्हणून मी साहेबांना विनवून आमगावातून काम करायची परवानगी मिळवली होती. तीही कच्ची.

"देखो भाई," साहेब फोनवर म्हणाले होते, "तालाब वाला पूरा हिस्सा तुम्हारा. बड़े लोग देखने आ रे. डेमो बराबर हुआ तो बैठो उधरीच, आराम से. गड़बड़ हुई तो नक्को, इधर आ जाओ. सामने बैठ के काम करो."

नोकरी सोडून घर चालेल एवढी शेती आमच्याकडे नव्हती. म्हणजे डेमो बिघडला तर हैदराबाद, आणि हैदराबाद म्हणजे बाबांचं तोंड पुन्हा भिंतीकडे. हे आम्ही दोघांनी एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही. बायको फक्त रोज सकाळी दोराच्या गाठी चाचपून पाहायची.

डेमो दुपारी होता. म्हैस सकाळी भेटली.

आता हे प्रकरण काय ते सांगतो. बायकोला सांगितलं होतं तसंच सांगतो, म्हणजे भाजी निवडता निवडता तिला जेवढं ऐकवलं तेवढंच. गेममधल्या प्रत्येक वस्तूला इंजिन एक नंबर देतं. इंजिन म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम. डोंगा, खुंटा, म्हैस, विहिरीवरची म्हातारी, सगळ्यांना नंबर. डोंग्याचा दोर कोणाला बांधलाय, असं विचारलं तर उत्तर येणार, सात नंबरला. सात नंबर म्हणजे तळ्याकाठचा खुंटा. आता खेळणारा गावातून चालत तळ्यावर येतो तेव्हा तळं आधीच तयार पाहिजे, नाहीतर पडदा अडखळतो. म्हणून तळं पाठीमागे एका वेगळ्या जगात रचून ठेवायचं. इंजिनात त्याला जगच म्हणतात, मी काही पदरचं घालत नाही. रचून झालं की तिथलं सगळं उचलून गावाच्या जगात आणायचं. गावात बरेच नंबर आधीच दिलेले असतात, त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला इंजिन नवा नंबर देतं, आणि ज्याने ज्याने दुसऱ्याचा जुना नंबर धरून ठेवलाय त्याच्याकडे जाऊन तो बदलून देतं. हे काम ते गाजावाजा न करता करतं. म्हणून माझा त्याच्यावर संशय गेला नाही.

माझा संशय दोरावर होता. मला वाटलं, तळं गावात येताना दोराच्या हातून खुंटा सुटतो आणि मग जे जवळून जाईल त्याला तो अडकतो. मी जागोजागी पहारा बसवला. दोरा, खुंटा सुटला का? नाही. आता सुटला का? नाही. दोर दर वेळी सांगत होता, मी नीट बांधलेला आहे. आणि डोंगा म्हशीमागे बाजाराकडे चालला होता.

वैतागून मी म्हैसच काढून टाकली. गोठा रिकामा केला आणि खेळ सुरू केला. डोंगा विहिरीवरच्या म्हातारीला बांधलेला निघाला. ती कमरेवर घागर घेऊन निवांत घरी निघाली, मागे डोंगा.

"आयकता का?" बायको दारात उभी होती. "काका अजून आले नाहीत."

काका म्हणजे तिचे चुलते, बोदलकशाचे. तळ्याच्या अंगाला त्यांचं शेत, आणि मासोळीची आवड शेताहून जास्त. आम्ही हैदराबादला जाऊ शकतो हे त्यांच्या कानावर गेलं होतं. मग बोदलकशाचे मासे जवाईबापू कधी खाणार, म्हणून डबा घेऊन ते सकाळच्या गाडीने तिरोड्याहून निघाले होते. लग्नानंतर आमगावला पहिल्यांदाच, आणि एकटे.

"येतील. गाडी लेट असेल."

"गाडी कवाची आली. शेजारचा त्याच गाडीने आला, तो जेवून झोपलासुद्धा."

"फोन लाव."

"बंद करून ठेवतात ते. बॅटरी सरते म्हणून."

ती फाटकापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. मी खुंट्याकडे बघत होतो. खुंटा तळ्याकाठी एकटा उभा होता, त्याच्याकडे कोणीच येत नव्हतं. साहेबांचा निरोप आला, "सब बढ़िया ना?" मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. माणसाला तोंडाने इतकं खोटं बोलता येत नाही.

"स्टेशनवर जाऊन या ना जरा," ती पुन्हा दारात. "मामाजीले सोडून मी नाही जाऊ शकत." आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. बाबा तेव्हा दोर धरून अर्ध्या अंगणात होते, आणि ते चालत असले की कोणीतरी जवळ लागायचं.

"दुपारी डेमो आहे. तुला माहीत आहे, काय होईल ते."

"मला माहीत नाही?" ती एवढंच म्हणाली. मग फाटकाकडे बघून, "माझा काका हरवला, आणि तुम्ही म्हशीच्या मागं लागून राहिले."

म्हैस मी मघाशीच काढली, आता म्हातारी आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती. मी मोटरसायकल काढली.

काकांनी घर कसं विचारलं असेल, याचा रस्त्यात विचार करत होतो. आमच्या आडनावाची अर्धी वस्ती आहे. माझं नाव सांगितलं असतं तर त्याच नावाच्या किराणा दुकानदाराकडे गेले असते. आणि बायकोचं नाव आमगावात कोणालाच ठाऊक नाही. इकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. आमच्या गल्लीत तिरोडावाली आहे, गोंदियावाली आहे, आणि माझी बायको बोदलकसावाली. लग्न होऊन आली त्या दिवसापासून दूधवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ती बोदलकसावालीच. तिकडे माहेरी मात्र तिला उलटं नाव मिळालं. लग्न करून आमगावला दिली, म्हणून तिथली माणसं तिची गोष्ट काढतात तेव्हा म्हणतात आमगाववाली. दोन्ही नावं आपापल्या गावात एकदम पक्की.

स्टेशनबाहेरच्या पानठेल्यावर मी विचारलं, "भाऊ, एक म्हातारे पाहिले का? पांढरं धोतर, हातात डबा."

"मासोळीवाले?" पानवाला म्हणाला. "आले ना. सकाळीच आले. घर विचारून राहिले होते."

"कोणाचं?"

"आमगाववालीचं."

"मग?"

"मग काय? पाठवलं." तो पानाला चुना लावत होता. "बाजाराच्या मागं. आमगाववालीच्या घरी. अजून कोनाच्या घरी पाठवन?"

आमगावात आमगाववाली असायची नाही, पण एक होती. गावातलीच मुलगी, गावातच दिलेली. सासर माहेर दोन गल्ल्यांच्या अंतरावर, म्हणून तिला लोक गमतीने तसं म्हणत. त्या घरी मी पोचलो तर काका अंगणात खाटेवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात पोह्यांची रिकामी ताटली. मागच्या अंगणात कोणीतरी मासे साफ करत होतं, त्याचा वास आणि दोन मांजरं माझ्या आधी तिकडे पोचली होती.

"या या, जवाईबापू!" काका उठले. "मी म्हनलं, तुमी कामावर गेले असान."

घरातल्या म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "हे तुमचे पाहुणे व्हय का? आमाले वाटलं सुनेच्या माहेरचे."

"मले वाटलं आत्याबाईच्या तिकडचे," सून हात पुसत बाहेर आली. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. तिच्या हाताला खवलं चिकटली होती.

"पण विचारलं नाही का कोणी, तुम्ही कोण म्हणून?" मी म्हटलं.

म्हातारीला ते बोलणं लागलं. "दारात आलेल्या मानसाले असं कसं विचारायचं जी? पानी द्यायचं, च्या द्यायचा. मग तो सोताच सांगते."

"मी सांगन म्हनलं आमची पोरगी आल्यावर," काका म्हणाले. "म्हनलं, गेली असन कोठंतरी. अन हे पोरगी मले काका काका करून राहिली, मी म्हनलं बरी आहे."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता डेमोची आठवण होऊन घड्याळ पाहिलं. निम्मे मासे चिरून झाले होते, ते तिथेच राहू दिले. उरलेल्यांचा डबा घेऊन काका मागे बसले.

"पानवाला नाही म्हनला असता तर बरं होतं," रस्त्यात ते माझ्या कानाशी ओरडले. ट्रॅक्टरला जोडलेलं थ्रेशर रस्त्याकडेला धडधडत होतं. "मी तिथंच बसून राहिलो असतो, कोनी आलं असतं घ्याले. पन त्यानं तं घर दाखवलं! घर भेटलं म्हनून फसलो मी, जवाईबापू!"

मी गाडी बाजूला घेतली.

"काऊन जी? पेट्रोल सरलं का?"

"नाही काका. एक मिनिट."

मी सकाळपासून दोराला एकच प्रश्न विचारत होतो, खुंटा सुटला का? सुटला असता तर चूक लगेच दिसली असती. दोर सुटलाच नव्हता. त्याने तळ्यातला नंबर तसाच धरून ठेवला होता आणि गावात येऊन तोच विचारत होता, सात नंबरचं घर कोणतं? गावाने दाखवलं. गावात सात नंबर म्हशीचा होता. ती काढली, तेव्हा तो म्हातारीला मिळाला. दर वेळी कोणीतरी दोराला खाट टाकून पोहे दिले होते. गेल्या आठवड्यापर्यंत गाव रिकामंच होतं, तेव्हा सात नंबर कोणाला दिलेलाच नव्हता. खुंटा आपल्या जुन्याच नंबरावर येऊन बसायचा, म्हणून ही चूक दिसलीच नाही.

पण इंजिन तर सगळ्यांचे नंबर बदलून देतं. मग दोराचाच कसा राहिला? ते घरी पोचेपर्यंत कळलं. दोराची लांबी, ताण, पीळ आणि खुंट्याचा नंबर असं सगळं आम्ही एका गाठोड्यात बांधून ठेवलं होतं, जागा कमी लागते म्हणून. इंजिन गाठोडं उचलून नव्या जगात ठेवतं, पण सोडून पाहत नाही. उघड्यावर ठेवलेलेच नंबर बदलतं. ती रचना माझ्या आधीच्या माणसाची होती. मी ती तीनदा वाचली होती आणि तिन्ही वेळा मान डोलावली होती.

फाटकाशी बायको काकांच्या पाया पडली आणि लगेच त्यांना रागावली. मी धावत आत गेलो. गाठोड्यातून खुंट्याचा नंबर बाहेर काढला, उघड्यावर ठेवला, आणि हा दुसऱ्याचा नंबर आहे, असं इंजिनाला कळेल असा लिहिला. चार ओळींचं काम. पण त्यानंतर सगळं तळं पुन्हा बांधून घ्यावं लागतं, ते मशीन करतं, आणि माझं मशीन माझ्याच वयाचं वाटावं इतकं धापा टाकणारं. किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी इंचाइंचाने पुढे सरकत होती. पट्टी अर्ध्यावर आली आणि वीज गेली.

आमच्या जिल्ह्यात तिरोड्याला वीजकेंद्राच्या एवढ्या मोठ्या चिमण्या आहेत, वीज तिथे होते आणि आमच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरला ते माहीत नसतं. यूपीएस टीं टीं करू लागला. तो किती वेळ धरतो हे मी कधी पाहिलं नव्हतं, कारण पाहायची भीती वाटायची. साहेबांचा फोन वाजला. मी उचलला नाही. बायको दारात येऊन उभी राहिली. तिने स्वतःचा फोन माझ्या पुढ्यात ठेवला, कारण माझ्या फोनमधलं नेट कधीच ऐनवेळी चालत नाही.

पट्टी संपली. तपासायला वेळ नव्हता. एकदाच चालवून पाहिलं, गावातून तळ्यावर. डोंगा काठाला होता, खुंट्याला बांधलेला, पाण्यावर हलत. तिच्या फोनवरून सगळं हैदराबादला चढवलं आणि यूपीएस विझला.

आता डेमो बघायचा तर तिच्याच फोनच्या पडद्यावर. साहेबांनी व्हिडिओ कॉल चालू ठेवला होता. तळहाताएवढ्या पडद्यावर एका मोठ्या टीव्हीचा कोपरा दिसत होता, त्यात माझं गाव, आणि समोर पाठमोऱ्या खुर्च्या. कोणीतरी खेळणाऱ्याला चालवत नेत होतं. विहीर आली. म्हातारी घागर घेऊन निघाली. तिच्यामागे काही नव्हतं. बायकोने माझं मनगट धरलं. वाट वळली, झाडं संपली, तळं आलं. पडदा अडखळला नाही. डोंगा काठाला, आपल्या खुंट्याला. खेळणाऱ्याने त्याचा दोर सोडला आणि डोंगा पाण्यात लोटला. खुर्च्यांतून कोणीतरी "अच्छा" म्हणालं.

मग खेळणारा, काय सुचलं कोण जाणे, मागे फिरून गावात गेला आणि गोठ्यापाशी थांबला. गोठा रिकामा. म्हशीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज मात्र येत होता, टुणटुण, टुणटुण. म्हैस परत ठेवायला मी विसरलो होतो.

कॉल तुटला. मी आणि बायको काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. बऱ्याच वेळाने साहेबांचा फोन आला.

"तालाब एकदम बराबर," साहेब म्हणाले. "लोग खुश. पर भाई, वो भैंस किधर गई?"

"चरने गई, सर."

पलीकडे ते हसले असावेत, आवाजावरून नक्की कळलं नाही. "बुला लो उसको. और तुम उधरीच बैठो, इधर नक्को."

बायकोने फोन घेतला, पदराने पुसला आणि मासे तळायला गेली. मी अंगणात आलो तर काका पेरूपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी दोराची गाठ सोडली होती आणि ताण देऊन नव्याने बांधत होते. दुसऱ्या टोकाला बाबा खांबाला टेकून उभे, ती गाठ होईपर्यंत निघायचं नाही अशा बेताने.

"सैल पडली होती जी," काका मला म्हणाले. "व्याह्याचा भार आहे, डोंग्याचा नाही."

संध्याकाळी बाबा पेरूपाशी पोचले होते तेव्हा फाटक वाजलं. बाजारामागची ती सून आली होती, झाकलेलं पातेलं घेऊन. निम्मे मासे तिने रस्सा करून आणले होते. ती आत न येता तिथूनच विचारू लागली, "बोदलकसावालीचं घर हेच ना जी?"

तिच्या सगळ्यात जवळ बाबा होते. मी ओसरीतून उठलो, सांगायला तोंड उघडलं. बाबांनी उजव्या हाताने दोर घट्ट धरला, ओठ जुळवले, आणि चहाची वेळ नसताना एक शब्द बोलले.

"हेच."